इस्त्री नसलेला झेंडा

शिडी पहिल्यांदा धुलाईखान्यात आला तेव्हा आधी त्याचे गुडघे आत आले, मग बऱ्याच अवकाशाने छाती, आणि डोकं येईपर्यंत हजेरीबाईंचा चहा गार झाला होता. निदान हजेरीबाई तरी असंच सांगत. डोकं आलं ते चौकटीवर आपटून आलं. भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं, वाफेच्या नळ्या थरथरल्या, आणि पलीकडे चादरींच्या घड्या घालणाऱ्या दोघी जावा भूकंप झाला म्हणून टेबलाखाली शिरल्या. जरा स्थिरस्थावर झाल्यावर त्या माणसाने घड्याळ उचललं, कानाला लावून पाहिलं आणि नुसता हात वर करून पुन्हा खिळ्याला अडकवलं. एरवी त्या कामाला दोन माणसं आणि एक शिडी लागायची. नाव तिथल्या तिथे पडलं.

हजेरीबाईंनी वही उघडली. तीन इस्पितळं आणि सहा हॉटेलं यांच्या चादरी त्या धुलाईखान्यात येत आणि त्या धुवायला नऊ देशांची माणसं. मालक तसा चिक्कू, साबणसुद्धा चिमटीने मोजायचा. पण एका बाबतीत त्याचा हात सैल होता. ज्याच्या त्याच्या देशाच्या राष्ट्रीय दिनी त्याला त्याला भरपगारी सुट्टी, आणि आदल्या संध्याकाळी त्याच्या यंत्रावर त्याच्या देशाचा झेंडा. म्हणून वहीत नाव, काम, देश आणि दिवस असे चार रकाने होते. शिडीने देशाचं नाव सांगितलं. हजेरीबाईंनी बोट यादीवरून दोनदा खाली नेलं, दोनदा वर आणलं.

‘‘यादीत नसणार,’’ तो म्हणाला. ‘‘अकरा वर्षांपूर्वी संपला.’’

घरातलं दूध संपलं म्हणावं, तशा सुरात.

भावाभावांची वाटणी होते तेव्हा कपाट कोणाचं आणि पलंग कोणाचा यावरून डोकी फुटतात, पण निदान म्हातारी आई कोणाकडे राहणार हे तरी कुणीतरी विचारतं. त्याच्या देशाची वाटणी झाली तेव्हा नदी, पूल आणि वीजघर यांचे हिस्से नीट पडले. माणसं कोणाची, हे ठरवायचं राहून गेलं. शिडी जन्मला एका तुकड्यात, त्याचं घर दुसऱ्यात आणि कागद दोन्हींत नाहीत. हजेरीबाईंनी शेवटच्या दोन रकान्यांत आडव्या रेघा मारल्या. त्यांना वहीत रेघ मारायला अजिबात आवडत नसे. अपुरी वही म्हणजे बटण तुटलेला सदरा, असं त्यांचं मत होतं.

दिवस नाही म्हणून शिडी सगळ्यांच्या दिवशी बदलीवर उभा राहू लागला. दोघी जावांचा दिवस आला की त्या आदल्या संध्याकाळपासून गाणी म्हणत आणि तिसऱ्या गाण्याला रडत. घरी असताना त्यांनी तो दिवस कधी पाळला नव्हता म्हणे, तेव्हा शेतावर कामं असत. बॉयलरवाला आपल्या दिवशी नुसता झोपून काढी. त्याच्या देशाच्या ज्या सेनापतीची त्या दिवशी मिरवणूक निघे, त्यानेच त्याच्या काकाला हाकलून लावलं होतं. साबणवाल्याच्या देशाचा विजयदिन म्हणजे शेजारच्या पिळणीवाल्याच्या देशाचा हरल्याचा दिवस. त्या दिवशी पिळणीवाला संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलत नसे, आणि दुसऱ्या दिवशी दोघं एकाच डब्यातून जेवत. खुद्द हजेरीबाईंना आपल्या देशाचा दिवस म्हणजे नवरोबा घरी, आणि तो घरी म्हणजे दर तासाला चहा, एवढाच माहीत.

झेंडे मात्र सगळे शिडीच्या हाताखालून जात, कारण इस्त्रीवर तोच. तव्याला लावावं तसं ओलं बोट लावून तो इस्त्रीचा ताव बघे, आधी उलटी बाजू, मग सुलटी. कोणाच्या झेंड्याला जास्त प्रेम नाही, कोणाच्या झेंड्याला कमी नाही. ‘‘सूत सगळ्यांचं सारखंच जळतं,’’ असं तो म्हणे.

चौथ्या वर्षी त्याला पत्र आलं. त्याचं गाव ज्या तुकड्यात गेलं होतं, त्या देशाने त्याला आपला म्हणायचं ठरवलं होतं. वकिलातीत जाऊन सगळ्यांबरोबर शपथ घ्यायची, मग पासपोर्ट. शपथविधी वर्षातून एकदाच, राष्ट्रीय दिनी. शिडीने ते पत्र हजेरीबाईंना दाखवलं आणि एवढंच सांगितलं की गावाला थोरली बहीण आहे, ती फार थकली आहे, ती आहे तोवर एकदा जाऊन यायचं आहे.

हजेरीबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला. चार वर्षं सलणाऱ्या दोन रेघा त्यांनी खोडून काढल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल केला. गुपचूप झेंडा मागवला. तो शिडीच्या गठ्ठ्यात इतर कपड्यांखाली सरकवला आणि त्याचा चेहरा बघायला खांबाआड उभ्या राहिल्या.

शिडीने घडी उलगडली. बराच वेळ तो नुसता उभा राहिला, इतका की इस्त्रीखालची जाड चादर करपल्याचा वास सुटला. अशी चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती. मग त्याने झेंड्याची आधी उलटी, मग सुलटी बाजू केली आणि हात वर करून तो आपल्याच यंत्रावर टांगला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जावांना त्याच्या देशाचं गाणं येत नव्हतं म्हणून त्यांनी आपलंच म्हटलं. शिडीने मान लववली. माणूस गहिवरला, अशी हजेरीबाईंनी आपली समजूत करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या वेळेला यंत्रावर हजर.

‘‘शिडीभाऊ, डोकं ठिकाणावर आहे का?’’ हजेरीबाई म्हणाल्या. ‘‘आज तुमचा दिवस आहे. तिकडे वकिलातीत दारं बंद होतील.’’

शिडीने हातातली चादर पुरती ओढून घेतली. ‘‘माझ्या मुलाचाही आजच आहे, बाई.’’

मग कडा जुळवता जुळवता त्याने सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी त्या झेंड्याची फौज त्याच्या गावात शिरली ती याच तारखेला. तिकडे तो मुक्तिदिन. एकोणीस वर्षांचा मुलगा गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेला होता. कपडे राहिले वर, मुलगा खाली आला. शिडी नदीपलीकडे कामावर होता. पूल बंद झाला तो त्याच्यासाठी पुन्हा उघडला नाही. बहिणीने मुलाला घाईघाईने टेकडीच्या उतरावर पुरलं, दगड ठेवायचीही सोय नव्हती. ती पत्रात खुणा लिहून पाठवायची, पण त्या खुणांतली पाण्याची टाकी पुढे पाडली गेली आणि झाडं तोडली गेली. आता ती जागा फक्त तिच्या पायांना ठाऊक होती.

  हजेरीबाई स्टुलावर चढून झेंडा काढू लागल्या, पण हात पुरेना. शेवटी शिडीनेच तो उतरवला आणि नीट घडी घालून त्यांच्या हातात दिला.

दुपारी त्यांनी वकिलातीत फोन लावला. दुसऱ्या एखाद्या दिवशी शपथ देता येईल का, असं विचारलं. पलीकडचा गृहस्थ अगदी सौजन्याने म्हणाला की तो सगळ्या देशाच्या आनंदाचा दिवस आहे, तुमच्या माणसाला त्याच दिवशी नेमकी काय अडचण? हजेरीबाईंनी सांगितली. त्याने पुढच्या वर्षीची तारीख सांगितली. तीच होती.

ते वर्ष बहिणीच्या पत्रांवर गेलं. अक्षर आता तिचं नसे, नव्या शेजारणीचं असे. ‘टेकडी चढवत नाही,’ असं एका पत्रात होतं. ‘ये लवकर,’ एवढंच पुढच्यात.

त्या तारखेला शिडी शपथेला गेला. हजेरीबाईंनी नवऱ्याचा लग्नातला सूट दिला आणि विजारीची दुमड सोडून दिली, तरी ती नडगीपर्यंतच पोचली. पंगतीत आगंतुक वाढपी दिसावा तसा तो दिसत होता, आणि त्या दिवशी धुलाईखान्यात त्यावर कोणीही हसलं नाही. दुपारी तो सुटातच परत आला, सुट्टी असून. कोट खिळ्याला अडकवून त्याने चादरीचं टोक धरलं. दुसरं टोक हजेरीबाईंनी धरलं.

‘‘कसं झालं?’’

‘‘झेंड्याला इस्त्री नव्हती,’’ तो म्हणाला.

तीन चादरी झाल्यावर स्वतःहून म्हणाला की गाणं म्हणावं लागलं, ओठ हलवले, सगळ्यांचे हलत होते तसे.

बहीण त्यानंतर आठव्या आठवड्यात गेली. शेजारणीने तसं कळवलं आणि टेकडीचं आपल्याला काही माहीत नाही, आपण इथे नंतर राहायला आलो, हेही लिहिलं. पासपोर्ट अकराव्या आठवड्यात आला.

शिडी गावाला गेला नाही. पासपोर्ट त्याने एकदाच वापरला. खोली बदलली तेव्हा टपाल कचेरीत नवा पत्ता नोंदवायला ओळखीचा पुरावा लागला होता.