खुशालीची ओळ

खराडीतल्या एका कंपनीत ग्राहकांना मराठीत ईमेल कसे लिहायचे, हे मी नव्या मुलींना शिकवत असे. त्यात एक चंद्रपूरकडची होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत विचार करायची आणि प्रत्येक ईमेलमध्ये आधी घरच्यांची खुशाली विचारायची. काम कुठंतरी चौथ्या ओळीत.

"अगं, काम पहिल्या ओळीत हवं. ट्रेनिंगच्या परीक्षेत नापास झालीस तर नोकरी जाईल."

"पाणी विचारल्याशिवाय कामाचं कसं बोलाचं जी मॅडम?"

"पुण्यात बोलतात."

ती खळखळून हसली.

परीक्षेत तिनं काम पहिल्या ओळीत लिहिलं. शेवटी मात्र होतंच, 'ऊन फार आहे, जपून राहा.' मी ते खोडलं नाही. ती पास झाली.

आता सगळ्यांचे ईमेल नेटके असतात. उन्हाळ्यात ते तपासताना मला तिची आठवण येते.