बोट उशिरा पडलं

चिगुसाला शिंक येऊ लागली की ती दोन्ही हातांनी नाक-तोंड दाबून धरायची. दुकानासमोर उभ्या असलेल्या बायका म्हणायच्या, "किती नाजूक बाई ही!" नाजूकपणाचा इथे काडीचा संबंध नव्हता. शिंकताना माणसाचा आवाज त्याच्या ताब्यात राहत नाही, आणि चिगुसानं एक आवाज तीस वर्षं पोटात कोंडून ठेवला होता. कढईतलं तेल उडून मनगट भाजलं तरी ती ओठ चावायची, पण ओरडायची नाही.

अमागासाकीच्या छपराखालच्या बाजारात, मुनेको मावशींच्या तोफूच्या दुकानासमोर, तिचं कोरोक्क्यांचं, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या कटलेटांचं, दुकान होतं. दुकान मूळचं तिच्या आईचं, तोमिएचं. चिगुसा या दुकानावरच्या खोलीत मुलगा म्हणून जन्मली, इवाओ या नावानं शाळेत गेली, एकोणिसाव्या वर्षी ओसाकाला पळाली आणि तिथे चिगुसा झाली. पुढे सत्ताविसाव्या वर्षी ती टीव्हीवर आली. तिथून सगळी भुतं मागे लागली.

दर गुरुवारी संध्याकाळी रोक्काकु नावाच्या विनोदवीराचा कार्यक्रम लागायचा. चिगुसा त्यात कपड्यांबद्दल, नवऱ्यांच्या तऱ्हांबद्दल, लोणच्याबद्दल बोलायची, आणि चांगलं बोलायची. पण ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. बोलणं रंगात आलं की रोक्काकु जांभळ्या उशीवर ठेवलेली पितळी घंटा पुढे घ्यायचा. घराघरांतल्या पितरांच्या देव्हाऱ्यात मेलेल्या माणसांना हाक मारायला वाजवतात ना, अगदी तीच वाटीसारखी घंटा. तो हात जोडून, तोंड पाडून म्हणायचा, "आता आपण दिवंगत इवाओ यांना पाचारण करू या." मग लाकडी दांडीनं टोल. चिन्! आणि चिगुसानं बेंबीच्या देठापासून, जाड्याभरड्या पुरुषी आवाजात ओरडायचं, "इवाओ हजर!" पडद्यावर खाली मोठ्या अक्षरांत इवाओ हे नाव यायचं आणि स्टुडिओ हसून हसून लोळायचा.

सुरुवातीला तीही हसली. न हसून करते काय? त्या दिवसांत तिच्यासारख्यांना टीव्हीवर खुर्ची मिळायची ती एवढ्याच कामासाठी. चार वर्षांनी कार्यक्रम बंद झाला, पण घंटा काही बंद झाली नाही. टॅक्सीवाला आरशात बघून "चिन्!" करायचा. शाळकरी पोरं मागून "चिन्!" करून पळायची. एकदा एका मैत्रिणीच्या अंत्यविधीला चिगुसा घंटा वाजवायला वाकली, तर मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, "इवाओ हजर," आणि दोघं फिसकन हसले. त्या दिवसापासून तिनं कुठल्याच देव्हाऱ्यापुढची घंटा वाजवली नाही. आणि तो आवाजही पुन्हा काढला नाही.

अकरा वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून ती घरी परतली. आईनं दार उघडलं, तिला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "आलं का माझं पोर? जेवण झालंय का?" बस, एवढंच. पुढेही कधी टीव्हीचा विषय नाही, की नावाचाही नाही. ना इवाओ, ना चिगुसा. "ऐकतंय का कुणी?" "चहा हवाय?" "वर कोण आहे?" असंच चालायचं. मागच्या खोलीत टीव्ही होता, पण तो फक्त सुमोच्या कुस्त्यांपुरता, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला ठासून सांगायची. आपल्याला नाव द्यायचं तिला जिवावर येतं, असं चिगुसाच्या मनानं घेतलं. तिला त्याचं वाईट वाटायचं, पण विचारायचा धीर झाला नाही.

शेवटच्या वर्षी आईचे कान गेले, मग डोळेही अधू झाले. घरी येणाऱ्या परिचारिका साताकेबाईंनी एकदा सांगितलं, "आजींना बारीक आवाज पोचतच नाही हो. खालच्या पट्टीत बोला, पोटातून. मला घ्यायला आलेल्या माझ्या मिस्टरांचं त्यांना नीट ऐकू आलं, बघा."

पोटातून! पोटात कोण बसलंय ते साताकेबाईंना काय ठाऊक? ती आईच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायची, खुणा करायची, तोंड कानाशी नेऊन बारीक आवाजातच किंचाळायची. शेवटच्या संध्याकाळी आईनं मान वळवली आणि विचारलं, "कोण आलंय?"

"मी आहे आई, चिगुसा."

"कोण आहे तिथे?"

"आई, मी! मी!"

आई थोडा वेळ वाट बघत राहिली. मग म्हणाली, "कुणीच नाही वाटतं," आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. पहाटे ती गेली.

त्यानंतर घरात ते दोन शब्द राहायला आले. कढईत कोरोक्के सोडले की तेलाच्या चुरचुरीत ऐकू यायचं, कोण आलंय? वरच्या मजल्यावर लाकूड करकरलं की, कोण आलंय? चिगुसा रोज देव्हाऱ्यापुढे भात ठेवायची, उदबत्ती लावायची, हात जोडायची आणि उठायची. घंटा उशीवर तशीच. घंटा वाजवल्याशिवाय मेलेल्या माणसाला कळत नाही म्हणतात की आपण आलोय. म्हणजे आईच्या लेखी अजूनही कुणीच आलेलं नव्हतं.

आईला जाऊन सात महिने झाले आणि टीव्हीवाल्यांचा फोन आला. उगाकी नावाची बाई होती, बोलायला मोठी गोड. जुन्या कार्यक्रमांवर एक विशेष भाग करत होते.

"चिगुसासान, तो काळ आता राहिला नाही, आम्हाला कल्पना आहे. आम्ही सगळं अगदी आदरानं दाखवणार आहोत. तुमची बाजू, तुमचं आत्ताचं आयुष्य."

"बरं."

"आणि शेवटी, फक्त एकदाच, घंटा. आणि तो आवाज. प्रेक्षकांना ओळख पटायला हवी ना?"

"आदरानं वाजवणार घंटा?" चिगुसानं विचारलं.

उगाकी गोड हसली. "तुम्ही अजून तशाच हजरजबाबी आहात! अजून एक विनंती. आमच्याकडच्या बऱ्याच टेपा पुसल्या गेल्यात. तुमच्या घरी कुणी रेकॉर्ड करून ठेवलं असेल का?"

"आमच्याकडे फक्त सुमो बघायचे," चिगुसा म्हणाली. शुक्रवारपर्यंत कळवते, असं सांगून तिनं फोन ठेवला.

मुनेको मावशींनी समोरून सगळं ऐकलं होतं. या बाजारात फोनवर बोलणं म्हणजे भोंग्यावर बोलणं.

"जा की! चार लोक बघतील, कोरोक्क्यांपुढे रांग लागेल. एकदा ओरडायला काय जातंय तुझं?"

"माझंच जातंय मावशी."

"बाई गं, मी रोज ओरडते तोफू, तोफू. माझं काय गेलं?"

"तुम्ही तोफूवाल्याच आहात ना. मी इवाओ नाही."

मावशी हसल्या, पण चिगुसाचा चेहरा बघून हात पुसत पुसत जवळ आल्या. "आणि टेपांचं खोटं कशाला सांगितलंस? ढीग आहे तुमच्याकडे. गुरुवारी सहा वाजले की तोमिए दुकानाचं दार अर्धं ओढून आत जायची. गिऱ्हाईक ताटकळायचं. मी विचारलं तर म्हणायची, सुमो. आता सुमो तर सहाच्या ठोक्याला संपतो, त्यानंतर कुठला गं सुमो? म्हटलं, असेल बाई. बिस्किटांच्या डब्यात ठेवायची, गाद्यांच्या कपाटात."

आईनं पाहिलं होतं. दर गुरुवारी पाहिलं होतं. इवाओला तिरडीवरून उठवून नाचवताना, आपल्याच पोटच्या पोराला, दर गुरुवारी!

दुपारची गर्दी सरल्यावर तिनं दार अर्धं ओढलं, अगदी आईसारखं. गाद्यांखालून डबा निघाला. आत टेपा होत्या, कडेला आईच्या ठसठशीत अक्षरांतल्या चिठ्ठ्या. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: चिगुसा, एक. दुसरीवर: चिगुसा, दोन. अकरा वर्षांत एकदाही तोंडातून न निघालेलं नाव सगळ्या टेपांवर होतं. चिगुसा तिथेच गाद्यांवर बसली आणि रडली.

टीव्हीखालचं जुनं यंत्र कुरकुरत चालू झालं. पडद्यावर सत्तावीस वर्षांची ती, जांभळ्या किमोनोत, लोणच्याबद्दल बोलत होती. रोक्काकुनं उशी पुढे ओढली. तोंड पाडलं. हात जोडले. "आता आपण दिवंगत..." चिगुसानं कानांवर हात घेतले.

काहीच झालं नाही. खट्‌ करून चित्र हललं आणि भलतीच गायिका गाऊ लागली.

तिनं मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. दुसरी टेप लावली. दांडी वर गेली, खट्‌, आणि चिगुसा हसून निरोप घेत होती. तिसरी, चौथी, सातवी. सगळीकडे दांडी हवेतच आणि मग खट्‌.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. रेकॉर्ड करताना जाहिराती गाळायला घरोघर लोक बटणावर बोट ठेवून बसायचे. जाहिरात आली की थांबवायचं, संपली की सोडायचं. आई जाहिराती गाळत नव्हती. साबणाच्या, सोया सॉसच्या सगळ्या जाहिराती तशाच होत्या. आई इवाओला गाळत होती. चार वर्षं, दर गुरुवारी, डोळ्यांत तेल घालून, घंटेआधी. जे गाळायचं ते स्वतः पूर्ण ऐकून.

एकाच टेपेची चिठ्ठी लांब होती: चिगुसा, एकोणीस. बोट उशिरा पडलं.

तिनं ती लावली. दांडी वर गेली आणि खाली आली. चिन्! बंद खोलीत घंटा लख्ख वाजली, आणि पाठोपाठ एक आवाज उमटला, जाड, खोल, अर्ध्यात तुटलेला: "इ..." खट्‌. गायिका.

चिगुसानं तो तुकडा परत परत ऐकला. तीस वर्षं ज्याला घाबरली तो हाच का? त्यात हशा नव्हता. खाली अक्षरं नव्हती. तेवढं आईनं वेळेवर कापलं होतं. राहिला होता तो नुसता एक गळा, जरासा खरखरीत, कामाच्या माणसाचा. कोरोक्के तळताना तोमिए गुणगुणायची तेव्हा तिचाही तसाच लागायचा. हे आजवर कधी सुचलंच नव्हतं.

तिनं उगाकीला फोन लावला. "टेपा सापडल्या."

"अरे वा! आणि ते... घंटेचं?"

"तुम्हाला हवंय ते त्यांत नाही. आईनं गाळलंय."

"गाळलंय? म्हणजे सगळीकडे? मग स्टुडिओतच एकदा..."

"नाही हो. मी येणार नाही. आमच्याकडे घंटा घरातच वाजते," चिगुसा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

हात धुऊन ती देव्हाऱ्यापुढे बसली. फोटोतली आई तिच्या डाव्या खांद्यापलीकडे बघत होती, डोळे अधू झाल्यावर बघायची तशी. उदबत्ती लावली. दांडी उचलली. पहिला टोल चुकला, दांडी नुसती कडेला घासली. दुसरा लागला.

चिन्.

कुणी हसलं नाही. बाजारात मुनेको मावशी कुणाशी तरी आल्याच्या भावावरून भांडत होत्या. घंटेचा नाद विरत गेला, आणि तो पुरता विरायच्या आत चिगुसानं तोंड उघडलं. आवाज पोटातून आला, खालच्या पट्टीत, साताकेबाईंनी सांगितला होता अगदी तसा.

"मी आलेय आई," ती म्हणाली. "चिगुसा."