टॉर्गसनचा उतार

हार्लन टॉर्गसनकडे चारशे गुरं होती, नदीकाठची उत्तम कुरणं होती आणि अक्कल बेताची होती. आमच्या मोंटानातल्या खोऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त सरकारी मोजणीवाल्याला नव्हतं. तो १९५४ साली आला. टेकड्यांची उंची त्याने मोजली, पण नावं मात्र लोकांना विचारून लिहिली.

"नदी कुठून ओलांडता?" त्याने विचारलं.

"माझ्या फाटकासमोरून. टॉर्गसनचा उतार म्हणतात त्याला," हार्लनने ठोकून दिलं.

तिथली वाळू अशी, की वासरूसुद्धा पोटापर्यंत रुतावं. खरा उतार दोन मैल वर, माझ्या वडिलांनी दगड अंथरून केलेला. सगळं खोरं तिथून ये-जा करायचं, हार्लनसुद्धा.

नकाशा छापून आला. हार्लनने तो फ्रेम करून भिंतीवर लावला आणि येईल त्याला बोट ठेवून दाखवायला लागला. "बघ, सरकारनं छापलंय."

"मग उद्यापासून गुरं तिथूनच ने की," माझे वडील एकदा म्हणाले.

तो गुरं आमच्याच उताराने नेत राहिला. लाज म्हणून नव्हतीच.

सात वर्षांनी, ऑगस्टातल्या एका दुपारी त्याच्या कुरणाला आग लागली आणि घराकडे सरकली. आमचा बंब दुसरीकडे गेलेला, म्हणून शेजारच्या काउंटीतून मागवला. ती माणसं परकी. त्यांनी नकाशा उघडला आणि बंब सरळ टॉर्गसनच्या उतारात घातला. चाकं आसापर्यंत रुतली. समोर घर पेटत होतं.

हार्लनची बायको लव्होन बादल्या ओतत होती. हा पठ्ठ्या घरात शिरला आणि फ्रेम छातीशी धरून बाहेर आला.

"आईची गोधडी टाकून हे आणलंस?" लव्होन म्हणाली.

त्याने ऐकलंच नाही. काठावर उभा राहून तो बंबवाल्यांना फ्रेम दाखवत होता. "या पुढे. इथं उतार आहे, नकाशात आहे." आपलीच थाप त्याला खरी वाटायला लागली होती. मला त्याची कीव आली नाही.

पुढे नकाशाच्या दुरुस्तीसाठी नवा मोजणीवाला आला. उत्तरं लव्होननेच दिली.

"हे घर?"

"खोडा."

"हा उतार?"

"तोही खोडा. तिथं टॉर्गसनची दलदल लिहा."

हार्लन शेजारीच उभा होता.

नवा नकाशा छापून आला. तो मी फ्रेम करून लावलाय.