मामांची नळी आणि आबांचा कोरा रकाना

आता कसं सांगू तुम्हाला! आधी चहा संपवा, कारण मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. पन्नाशीला टेकलेला, औरंगपुऱ्यात बटणं-चेन-लेसचं दुकान चालवणारा, चांगला बी.एस्सी. झालेला माणूस भर पाहुण्यांत उभा राहून विचारतो, "माझा बाप कोण?" तो माणूस म्हणजे मी!

हसू नका. अजून सुरुवातही झाली नाही.

माझा एक वर्गमित्र कॅनडात असतो. दिवाळीला आला तेव्हा डीएनए तपासायच्या दोन डब्या घेऊन आला. नळीत थुंकायचं, पाठवून द्यायचं, मग जगात आपल्या रक्ताचे लोक कुठं कुठं आहेत ते मोबाईलवर दिसतं. एक नळी माझी आणि दुसरी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, असा माझा बेत.

"थुंक म्हणतोस? बापाला?" आबा खेकसले. "सरक तिकडं!"

आईचा त्या दिवशी उपवास. मग मामा पुढे सरसावले. मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ, राहायला फर्दापूरला, उत्साह असा की विचारू नका. नळी भरून म्हणाले, "आणखी एखादी आन की!"

मित्रानं जाताना एक सोपी युक्ती सांगितली. यादीतला जो माणूस तुझ्याशी जुळतो आणि मामांशीही जुळतो, तो तुझ्या आईच्या बाजूचा. जो मामांशी जुळत नाही, तो वडिलांच्या बाजूचा. इतकं सोपं! म्हटलं, यात काय, मी तर सायन्सचा माणूस.

काही आठवड्यांनी यादी आली. न्यू जर्सी, टेक्सास, पुणे, सगळी अनोळखी नावं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कागदावर दोन रकाने पाडले आणि बसलो लावायला. पहिलं नाव मामांशी जुळलं, आईकडं. दुसरं जुळलं, आईकडं. तिसरं, चौथं, पाचवं... सगळी वरात आईकडंच! आबांचा रकाना कोरा.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोरा!

आबांच्या बाजूचं एकही माणूस माझ्या रक्तात नाही, म्हणजे मी आबांचा... अहो, आईबद्दल वाईट विचार करायची माझी छाती नाही. मग दवाखान्यात पोरं बदलली असतील? पण मग मामांशी कसा जुळलो? डोकं लई चालवलं आणि एकच अर्थ निघाला. मला आईच्या माहेरच्या कुणाकडून तरी दत्तक आणलंय, आणि आजवर कुणी सांगितलं नाही!

मग काय, पुरावेच पुरावे दिसायला लागले. आबांना कारलं आवडतं, मला नाही. आबा झोपेत घोरतात, मी नाही. (बायकोचं मत वेगळं आहे.) आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आबांचा फर्दापूरचा पराक्रम. एकदा ते तिथं लग्नाला गेले आणि भलत्याच मांडवात शिरले. अक्षता टाकल्या, पंगतीला बसले, जिलेबी मागून घेतली, आहेर केला, मानाची टोपी घालून घेतली आणि घरी आले. खऱ्या मांडवात मामा संध्याकाळपर्यंत वाट बघत होते! आई हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगते. मी म्हटलं, बघा, असला वेंधळेपणा माझ्यात आहे का? नाही. म्हणजे मी त्यांचा नाहीच.

चेष्टा सोडा, पण मला खरंच भडभडून आलं. लहानपणी खांद्यावर बसवून मला आमच्या गावच्या, पिशोरच्या बाजाराला नेणारा माणूस माझा कुणीच नाही? मला दुसरा बाप नको होता. मला आबाच पाहिजे होते.

घरी गेलो तो थेट आबांचे पाय चेपायला बसलो. आबांनी एक डोळा उघडला. "काय रं, पिशोरचं वावर नावावर करून पाहिजे का?"

मला रडूच फुटलं. आई धावत आली. "काय झालं? त्या थुंकीचा रिपोर्ट आला का?"

"आला."

"काय म्हणतोय?"

"आबांचं... आई, नको विचारू."

संपलं! आईच्या लेखी तपासणी म्हणजे दवाखान्याची. दुसऱ्या दिवशी आबांच्या ताटात मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण. "मिरची कुठंय?" म्हणून आबा ओरडले, तर आईनं पदर डोळ्याला लावला. मग फोन सुरू झाले. दुपारपर्यंत आबांचे चुलतभाऊ पिशोरहून शहाळी घेऊन हजर! शेजारचे हमीदभाई बिस्किटाचे पुडे घेऊन आले, आबांचा हात हातात धरून म्हणाले, "आबा, कुछ नहीं होता. हौसला रखो."

"अरे, पण मला झालंय काय?"

"कुछ नहीं, कुछ नहीं," हमीदभाई डोळे पुसत म्हणाले.

तेवढ्यात फर्दापूरहून मामा आले. त्यांना पाहिलं आणि माझा धीर सुटला. भरल्या घरात ओरडलो, "मामा, आता तरी खरं सांगा! मला कुणाकडून आणलंय? माझा बाप कोण?"

आबांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. मी कागद काढला, दोन्ही रकाने सगळ्यांना दाखवले, सायन्स समजावून सांगितलं. माझी बायको सुनंदा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि कागद हातात घेतला.

"अहो, आबांची आई कोण?"

"आजी!"

"ती कुणाची बहीण?"

"नानांची."

"अन् नाना कोण?"

"आईचे व..."

"आबांनी सख्ख्या मामाची पोरगी केलीय," सुनंदा म्हणाली. "त्यांच्या आईकडचं माणूस तुमच्या मामांशी जुळणार नाय तर काय हमीदभाईंशी जुळंल?"

"पण आबांच्या वडिलांकडचे तरी..."

"ते हे काय बसलेत, शहाळी घेऊन. यातलं कोण कॅनडाच्या नळीत थुंकलंय?"

पिशोरकरांनी एकसाथ माना हलवल्या.

"अन् मी कोण?" सुनंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "याच मामांची लेक ना? अंतरपाटाच्या पलीकडं तुम्हीच उभे व्हते ना?"

ऐकलंत? स्वतः मामाची पोरगी करून बसलेला माणूस, आणि त्याला आईची बाजू नि बापाची बाजू वेगळी काढायची होती! आमच्यात पिढ्यान्पिढ्या भावाकडं पोरगी मागतात, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. फक्त मोबाईल हातात घेतल्यावर आठवलं नाही.

मामा तर हसून हसून जमिनीवर लोळायचे बाकी होते. आबा मात्र हसले नाहीत. उठले, आतल्या खोलीत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता काठी निघते.

आबा बाहेर आले ते फर्दापूरची ती मानाची टोपी घेऊन. सगळ्यांच्या देखत ती माझ्या डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी नीट दाबली आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "एवढा वेंधळेपणा दुसऱ्याच्या घरातून आनता येत नाय. माझंच पोरगं हाय हे!"

आणि खरं सांगू? टोपी मला अगदी बरोब्बर बसली.