फडक्याखालचे वांग्याचे झाड

मार्गशीर्षात साखरशेत येथे वांग्याच्या एका झाडाची फुले फळ न धरता गळू लागली. झाडाला रोग नव्हता, पाणी वेळेवर होते. त्यावर फडके मी बांधले होते.

मी तिथे जव्हार संस्थानच्या शाळेत मास्तर होतो. ज्या मावशींच्या पडवीत राहत होतो, त्यांचा ओहोळाकाठी वांग्यांचा वाफा होता. त्या वर्षी मर लागली. निम्मी झाडे चार दिवसांत वाळली, उरलेली बहुतेक मलूल झाली. एक झाड मात्र हिरवेगार राहिले आणि भरभरून लागले. त्याची वांगी मावशींनी कोवळी असतानाच बाजारात नेली. पुढच्या साली सगळा वाफा याच झाडाच्या बियाण्याचा करायचा, हे त्यांनी नंतर ठरवले.

बियाण्यात भेसळ नको म्हणून झाड झाकावे, असे मी सुचवले. तसे वाचले होते. ताडून पाहायला शेजारचे एक झाडही झाकले. पंधरा दिवसांनी शेजारच्यावर दोन वांगी धरली होती. हिरव्यावर एकही नव्हते.

"मास्तर, सुनेला कोंडून घातलंत नि नातू मागताय," मावशी म्हणाल्या.

"दुसरीलाही कोंडलंच होतं की."

"तिचा नवरा आत असंल."

थट्टा होती, पण तपासण्यासारखी. शेजारच्या झाडाचे फूल पाटीवर धरून टिचकी मारली. पिवळी पूड पडली. हिरव्या झाडाची दोन फुले तशीच झटकली, पाटी काळीच राहिली. त्यांचे पुंकेसर फिके, सुरकुतलेले होते. स्त्रीकेसर धडधाकट होता. म्हणजे पूर्वीची वांगी भुंग्यांनी आणलेल्या शेजारच्या परागांवर धरली होती, आणि भुंगे मी अडवले होते.

चूक माझी, हे मावशींना सांगितले. आता पराग हाताने लावायचे होते. बहर संपत आला होता. पाच फुले उरली होती.

"मलूल झाडांची पूड नको," त्या म्हणाल्या. "ती कडेची दोन अजून ताठ हायेत, त्यांची घ्या."

त्यांचे पराग कोंबडीच्या पिसाने पाचही फुलांना लावले. तीन वांगी धरली. माघात ती झाडावरच पिवळी झाली. मावशींनी बी धुऊन राखेत कालवले, वाळवले आणि ज्येष्ठात पेरले.

आषाढात माझी मोखाड्याला बदली झाली. तेव्हा रोपे वीतभर झाली होती; त्यांना मर लागते की नाही, ते अजून कळायचे होते.