दादारावांचं बाकी काम

दादाराव गेल्याचं त्यांच्या मुलीने, शुभांगीने फोनवर कळवलं, तेव्हा मी एका सभेत ‘आजचा ललित निबंध’ या विषयावर श्रोत्यांना मंत्रमुग्ध करत होतो. निदान माझा तसा समज होता. दादाराव समोर असते तर चष्मा पुसत म्हणाले असते, ‘आटप गा, लोकायले भूक लागली.’ मी आटपलं...

काही वर्षांपूर्वी याच पुरवणीत मी ललित लेखकांशी गप्पांची मालिका लिहीत होतो. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या दादारावांच्या घरी मी भारदस्त चेहऱ्याने गेलो आणि भारदस्त प्रश्न टाकला, ‘तुमच्या लेखनावर प्रभाव कोणाचा?’

‘किसनाजीचा.’

मी हरखलो. एक अज्ञात लेखक हाती लागला होता! कोणत्या काळातले, म्हणून विचारलं.

‘आमच्या पाळीतले,’ दादाराव म्हणाले.

किसनाजी त्यांचे फोरमन. पाळी संपताना काय घडलं ते वहीत लिहून ठेवायचं असे. नव्या नोकरीत दादारावांनी लिहिलं, पंपाचा आवाज आज उदास वाटला. किसनाजींनी वही परत केली. ‘उदास म्हणजे किती गा? जे झालं तेच लिह. पुढच्या पाळीवाल्याले तुह्या घरी येऊन इचारता येत नाही.’ आपलं सगळं गद्य या एका वाक्यातून आलं, असं दादाराव सांगत होते, आणि मी मान डोलावत मनात ठरवत होतो की फोरमन काही मालिकेत शोभणार नाही. छापून आलं ते असं : संतवाङ्मय आणि इंग्रजी निबंध यांचा गाढा संस्कार.

सकाळीच दादारावांचा फोन आला. ‘छान लिहिलं. हा माणूस कोण होय? भेटव मले.’ मग म्हणाले, ‘किसनाजी पारशिवनीले राहते. नाव येणार म्हणून मीच सांगून ठेवलं होतं. त्यानं सुनेकडून पान दोनदा वाचून घेतलं...’

दुरुस्ती छापतो, असं मी ठणकावून सांगितलं. पुढे प्रत्येक भेटीत माझी नवी सबब तयार असे. त्यांनी मात्र तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

परवा शुभांगीने त्यांच्या टेबलावरची वही दाखवली. निवृत्तीनंतरही ते रोज संध्याकाळी पाळीची नोंद लिहीत. हवा, भेटलेली माणसं, आणि तळाशी बाकी काम. शेवटच्या पानावर होतं : ‘बाकी काम : किसनाजीचं नाव. पुढच्या पाळीकडे दिलं.’ पुढे कंसात माझं नाव.

शुभांगीने पेन दिलं. ‘काका, पाळी घेणाऱ्याची सही लागते.’ मी केली.

किसनाजी, तुम्ही नव्वदीला टेकलात असं कळलं. सूनबाईंना सांगा, या खेपेला पान एकदा वाचलं तरी पुरेल.