चोवीस माशांचा डिस्चार्ज

चंदनबालाकाकूंनी माझी पीएच.डी. माधवनगरच्या एका विहिरीत सोडली. सोडण्याआधी णमोकार मंत्र म्हटला, सोडल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना साखर वाटली, आणि मग मला फोन करून आनंदाची बातमी दिली. इतक्या विधिवत कुणी कुणाचं वाटोळं केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मी राजेश्वरी. सांगलीतल्या एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत माशांच्या हृदयावर संशोधन करते. मासा म्हणजे झेब्राफिश. करंगळीच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे, चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य. याच्या हृदयाचं टोक कापलं तर दोन महिन्यांत ते पुन्हा भरून येतं. माणसाचं येत नाही. माणसाला झटका आला की मेलेल्या भागावर वण धरतो आणि उरलेल्या हृदयावर तो दिवस काढतो. म्हाताऱ्या माशाचं हृदय तरुण माशाइतकंच भरून येतं का, हा माझा विषय. हृदय मोहरीएवढं असतं, त्याचं टोक कापायला हात स्थिर लागतो. माझा आहे. मी कोयनानगरची, तिथं थरथरायचं काम जमीन करते.

टाक्यांचं पाणी बघायला माणूस टिकत नव्हता. वर्षात तिघं पळाले. एकाने तर जाताना सांगितलं की मासे त्याच्याकडे बघतात. चौथ्या काकू आल्या. वय बासष्ट, सुती साडी, पायात स्लीपर, हातात स्टीलची किटली. आल्या आल्या त्यांनी टाकीत डोकावून विचारलं, "हे पाणी न गाळताच वततायसा व्हय?"

काकू जैन. त्यांच्या घरी पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणाच्या घशाखाली उतरत नाही, आणि फडक्यात राहिलेले बारीक जीव पुन्हा विहिरीत नेऊन सोडतात. दुसऱ्या दिवसापासून आमच्या टाक्यांनाही फडकं लागलं. मासे मरायचे निम्म्याने कमी झाले. आमचे गाईड उदयसिंह सर, जे मला तीन वर्षांत एकदाही 'बरं' म्हणाले नव्हते, ते काकूंना तिसऱ्या दिवशी 'वा' म्हणाले. मला राग आला, हे कशाला लपवू?

आदल्याच आठवड्यात मी तरुण-म्हातारे मिळून चोवीस माशांची ऑपरेशनं उरकली होती. आकडा ऐकून काकू खूश झाल्या, कारण तीर्थंकरही चोवीसच. मग त्यांनी विचारलं, "पोरी, ह्यास्नी झालंय काय?"

"काळजाला जखम आहे."

"आगं बाई! केली कुणी?"

पावसाळ्यात गवतावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून जाणारी बाई ही. खरं सांगितलं असतं तर मला पाचवा माणूस शोधावा लागला असता. मी म्हणाले, "बाहेरून आलेत तसे."

"मग बरी हुत्यात?"

"साठ दिवसांत."

काकू हातातलं फडकं पिळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या मालकास्नी दिवाळीत झटका आला. डाक्टर म्हनला, तीन हिश्श्यातला एकच हिस्सा चालतोय. हितलं झालं की मग माणसांचं करणार न्हवं तुमी?"

माझे हात ओले होते, फोन वाजत होता. "बघू काकू, हे साठ दिवस तर होऊ देत," मी म्हणाले आणि फोन घेतला. फोन कर्ज हवंय का विचारणाऱ्याचा होता.

तर काकूंच्या हिशोबी आमची प्रयोगशाळा म्हणजे माशांचं पांजरपोळ. त्यांचे वडील जखमी कबुतरं आणि लंगडे बैल पांजरपोळात पोचवायचे. बरं झालेलं पाखरू सोडायला लहानपणी याच पुढे असायच्या. इथेही त्या तसंच वागायला लागल्या. सकाळी सहाला किल्ली लावून आत शिरायच्या आणि प्रत्येक टाकीपाशी उभ्या राहून "जय जिनेंद्र, झोप लागली का?" विचारायच्या. जिवंत कोळंबीची पिल्लं खायला घालायला त्यांनी साफ नकार दिला, ते पाप अधूनमधून माझ्या वाट्याला; रोजचे कोरडे दाणे त्या वाटीवर चमचा वाजवून टाकायच्या. सूर्य मावळल्यावर टाकीत कण पडत नसे.

तिसऱ्या आठवड्यात मला एक विचित्र गोष्ट दिसली. मासे किती पोहतात, किती चपळ वळतात याचा मी रोज तक्ता भरायचे. कधी सहा, कधी नऊ दिवसांनी सगळ्या टाक्यांतले मासे एकदम मंद व्हायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजेतवाने. मी तारखा ताडून पाहिल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. चंद्र! चंद्राच्या कलांचा माशांवर परिणाम होत होता! सरांना दाखवलं. सर खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले, बराच वेळ भर दुपारच्या आकाशाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "राजेश्वरी, हे कुणालाही बोलू नकोस." आम्ही दोघांनी मिळून निबंधाचं शीर्षकही ठरवलं. सरांनी तर विमानाची तिकिटं बघायला सुरुवात केली.

चौथ्या वेळी मी मुद्दाम दिवसभर टाक्यांपाशी बसले. खाण्याची वेळ झाली, टळली, काकू जागच्या हलेनात.

"काकू, यांना खायला?"

"आज चतुर्दशी न्हाई का?" त्या म्हणाल्या. "अष्टमीला आन चतुर्दशीला उपास हाय त्यांचा. आजारी माणसाला पथ्य नको व्हय?"

मी हे सरांना सांगायला गेले तेव्हा ते पासपोर्ट शोधत होते.

इतकं होऊनही काकूंवर चिडून राहता येत नसे. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायच्या आणि घरी जाऊन नवऱ्याला, नेमिनाथकाकांना, सांगायच्या, "आता एकवीस ऱ्हायले, आता वीस." नेमिनाथकाका माधवनगरच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, आता जिना चढताना तीनदा थांबतात. मी त्या फुल्या बघत होते आणि माणसांचं इतक्यात काही होणार नाही, हे सांगत नव्हते. साठाव्या दिवशी खरं काय होणार, तेही मी बोलले नाही. मासे गुंगीच्या पाण्यात कायमचे झोपवायचे, मोहरीएवढी हृदयं बाहेर काढायची, त्यांचे काप करून काचेवर बघायचे. त्या कापांशिवाय माझा प्रबंध नाही आणि प्रबंधाशिवाय मी नाही, असं तेव्हा मला वाटायचं.

साठाव्या दिवशी मी नवी ब्लेडं घेऊन आठला निघणार होते. साडेसातला फोन.

"पोरी, डिस्चार्ज दिला बघ!"

"कुणाला?"

"सगळ्यास्नी! चोवीसच्या चोवीस. टुणटुणीत झाल्यात. मालकांनीच लुनावर मळ्यातल्या हिरीवर नेलं, मी मागं दोन किटल्या धरून. लय हिसके बसले, पर एकबी सांडला न्हाई."

मी रिक्षा केली, वाटेत मच्छरदाणी विकत घेतली आणि माधवनगरच्या त्या मळ्यात पोचले. विहिरीच्या पायऱ्यांवर काकू, काठावर बाजेवर नेमिनाथकाका, आणि साखर खाऊन उभी असलेली आठ-दहा माणसं. मी पायजम्यासकट गुडघाभर पाण्यात उतरले आणि मच्छरदाणी फेकली. एक बेडूक आला. पुन्हा फेकली. तोच बेडूक आला.

"तिला पवायचं आसंल," कुणीतरी वरून म्हणालं.

"तसं न्हाई बोलवायचं," काकू म्हणाल्या. त्यांनी स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला आणि चिमूटभर दाणे टाकले. मी शप्पथ सांगते, हिरव्या पाण्यातून निळे पट्टे वर आले. दोन, पाच, अकरा. मी एकवीस मोजले. सगळे माझ्या गुडघ्यांपाशी तोंड उघडून.

"अजून डोस ऱ्हायलाय का?" काकूंनी विचारलं. "मग घेऊन जा की. संध्याकाळी आनून सोड."

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. एक शब्द. मच्छरदाणी हातात होती, मासे पायाशी होते, तीन वर्षं पणाला होती. पण काकू अशा आनंदाने बघत होत्या की मी मच्छरदाणी खाली सोडली. मी तिथंच, पाण्यात उभी राहून, सगळं सांगितलं. जखम मीच केली होती. आज हृदयं काढणार होते.

काकूंनी चमचा थांबवला. मासे पांगले. साखर खाल्लेली माणसं एकेक करून निघून गेली.

मग काकू आवाज चढवूनच बोलल्या. "आमच्या मालकांचं काळीज डाक्टरनं मशीनवर बघितलं. टीवीवर उडताना दिसलं मला. बाहेर काढलं का त्यानं? न्हवं, काढलं का?"

"काकू, ते माणसाचं मशीन. यांचं हृदय मोहरीएवढं आहे!"

"मग बारक्या जिवाचं बारकं मशीन आसंल की! एवढं शिकलीस, इचारलंस का कुणाला?"

नव्हतं विचारलं. सगळे काप करतात म्हणून मीही काप करणार होते. सरांना फोन केला. ते वीस मिनिटं ओरडले, त्यात माझ्या बेडकाचाही उल्लेख झाला. मग एकदम थांबले आणि म्हणाले की पुण्यात त्यांच्या ओळखीच्या एका संस्थेत उंदरांसाठी आणि माशांसाठी तसलं बारीक इको मशीन आहे.

चार दिवसांनी आम्ही जीपने पुण्याला गेलो. काकूंची एकच अट होती: वाटी वाजवून डब्यात धरलेले एकवीस मासे त्यांच्या मांडीवर, आणि काम झालं की परत विहिरीत. नेमिनाथकाका अनुभवी म्हणून सोबत आले. डब्यात डोकावून ते वाटभर माशांना धीर देत होते, "भ्यायचं न्हाई. नुसतं गार मलम लावत्यात."

मासा गुंगीत स्पंजच्या खाचेत उताणा झोपवला. पडद्यावर करडं धुकं आलं, आणि त्या धुक्यात एक इवलीशी पिशवी उघडमीट करताना दिसली. मी कापलेलं टोक जागेवर होतं. एकवीसच्या एकवीस हृदयं चालत होती. म्हाताऱ्यांची जरा संथ, पण चालत होती. मी इतकी खूश झाले की ऑपरेटरच्या पाठीत धपाटा घातला.

काका तेव्हा कँटीनमध्ये आलं न घातलेल्या चहासाठी भांडत होते. काकूंनी पडद्यावरची नजर न काढता मला विचारलं, "आता ह्यांचं कवा?"

माझा आनंद तिथल्या तिथे विरला. मी त्यांच्याशेजारी बसले. "काकू, काकांच्या वेळेला नाही होणार. अजून खूप वर्षं लागतील. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, माझं चुकलं."

त्या रडल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, बराच वेळ. मलाही आवरलं नाही. ऑपरेटर बिचारा मशीन पुसत राहिला.

काका चहा घेऊन आले तेव्हा काकूंनी डोळे पुसले, पेल्याला हात लावून गरम आहे का बघितलं आणि त्यांना खुर्चीत बसवलं. मग मला दाराबाहेर घेऊन गेल्या. मला वाटलं, आता ही बाई काम सोडणार, आणि सोडायलाच हवं.

"ह्यांच्या वेळेला न्हाई तर न्हाई," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी मालकांच्या वेळेला होऊ दे. जखम करशील त्या दिशी मी येणार न्हाई. बाकी रोज येईन. उद्या किती वाजता येऊ?"